न आलेल्या पाण्याची मंजू

आमच्या नात्यागोत्यात काहीही न घडण्याचा पगार घेणारी माणसं दोन. एक मी. मी एका पतसंस्थेत बसतो आणि संध्याकाळपर्यंत माझ्या टेबलावर काहीही घडत नाही. दुसरी माझी मावसबहीण मंजू. ती तिकडे आइसलँडला वेधशाळेत बसते आणि तिच्याही टेबलावर बहुतेक दिवस काहीच घडत नाही. फरक एवढाच, की माझ्या टेबलावर काही घडलं तर साहेब ओरडतो, आणि तिच्या टेबलावर घडलं तर नदीकाठची माणसं अंथरुणातून उठवावी लागतात.

तिथे देवाने मोठी अघोरी व्यवस्था करून ठेवली आहे. खाली ज्वालामुखी आणि त्याच्या डोक्यावर बर्फाची जाडजूड टोपी. ही टोपी आतून वितळते, पाणी बर्फाखालीच साचत राहतं आणि मग एक दिवस कडेने फुटून सुटतं. ते कधी सुटेल याच्यावर डोळा ठेवायचा, ही मंजूची नोकरी. नद्यांची पातळी बघायची, भूकंपाच्या रेघा बघायच्या, नदीच्या पाण्यातला खारटपणा वाढतोय का ते बघायचं. तो वाढला तर समजायचं की हे साधं पाणी नव्हे, ज्वालामुखीच्या अंगावरून आलेलं आहे. वर्षातून दोनदा बर्फावर जाऊन गाडली गेलेली यंत्रं फावड्याने उकरायची आणि त्यांच्या बॅटऱ्या बदलायच्या. बाकी वेळ खुर्ची आणि पडदे.

हे सगळं तिने तिच्या आईला, म्हणजे माझ्या मावशीला, एकदा गॅसपाशी उभं राहून समजावलं होतं. मी टेबलाशी पोहे खात होतो.

"आई, ही साय बघ. समज, ही साय एवढीशी नाही, ब्रह्मगिरीएवढी जाड आहे. खाली गॅस चालू. दूध कुठून बाहेर येईल?"

"कडेने."

"बरोबर. मी त्या कडेला बसून बघते."

मावशीने झारा खाली ठेवला. "म्हणजे दूध उतू जातंय का ते बघायचा पगार? अगं, मला चाळीस वर्षांत कुणी दमडी दिली नाही!"

एवढ्यात दूध उतू गेलं. दोघी त्याच्याकडे बघतच उभ्या होत्या. मावशी ओट्यावर फडकं फिरवत एवढंच म्हणाली, "हं. चांगलंय तुमचं खातं."

मंजू चिडली नाही. ती स्वतःवर होणाऱ्या विनोदांवर कधीच चिडायची नाही. तिला राग यायचा तो एकाच वाक्याचा. "काही होत नाही." आपल्या नाशकात हे वाक्य म्हणजे नुसतं वाक्य नाही, ती एक जीवनपद्धती आहे. सिग्नल तोडताना काही होत नाही, गॅसची नळी बदलायला हवी पण काही होत नाही, गच्चीवरची टाकी गळते, काही होत नाही. हे शब्द कानावर पडले की मंजूच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. "दादा, काही होत नाही हे होईपर्यंतच खरं असतं," असं ती म्हणायची. मी म्हणायचो, "अगदी बरोबर," आणि टाकी तशीच ठेवायचो.

दिसायला ती आमच्या घराण्यातल्यासारखीच. बुटकी, रुंद कपाळाची. पण चाल तिथली झाली होती. पाऊल सपाट टाकायची, आखूड टाकायची, जणू गंगापूर रोडवरही खाली बर्फ आहे आणि आपण सगळे बेसावध लोक घसरायचेच बाकी आहोत. हॉटेलात गेलो की दाराजवळची जागा. कुणाच्याही घरी गेली की चपला काढून त्यांची तोंडं बाहेरच्या दिशेला करून ठेवायची. जानेवारीत आम्ही कानटोप्या घालून कुडकुडत असताना ही अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून बाल्कनीत. मे महिन्यात मात्र घरात शिरल्यावर आधी फरशीवर आडवी व्हायची आणि मगच नमस्कार करायची.

माणसांनाही तिने रंग लावले होते. तिच्या खात्यात ज्वालामुखीला लावतात तसे. हिरवा म्हणजे शांत. पिवळा म्हणजे आत काहीतरी हलतंय. नारंगी म्हणजे चपला घालून ठेवा. लाल म्हणजे चपला राहू देत, पळा. माझ्या बायकोला हे फार आवडलं. अजूनही मी ऑफिसातून आलो की ती पोरांना स्वयंपाकघरातून सांगते, "बाबा पिवळे आहेत, फीचं नंतर काढा." बायको स्वतः कुठल्या रंगाची आहे हे विचारायची माझी अजून हिंमत झालेली नाही.

तिला बर्फाचं वेड निफाडला लागलं. आमचे मामा निफाडचे, द्राक्षवाले. नाताळच्या सुट्टीत आम्ही सगळी भावंडं तिकडे. निफाडची थंडी म्हणजे महाराष्ट्रात नावाजलेली. ती फार उतरली की मामा आणि गडी पहाटे बागेत शेकोट्या पेटवायचे, घडांना इजा होऊ नये म्हणून. मंजू तेव्हा दहा-अकरा वर्षांची असेल. तिने जेवणानंतर सगळ्यांना जाहीर केलं, की आज मी ताटलीत पाणी भरून बांधावर ठेवणार आहे आणि सकाळी त्याचा बर्फ झालेला असेल, सगळ्यांनी बघायला उठायचं.

मामा हसत सुटले. "अगं पोरी, लय बर्फाची हौस हाय तर गोळेवाल्याकडं चल. तिथं रंगीत बी मिळंल!"

सकाळी ताटलीवर खरंच बर्फ धरला होता. मेणकागदासारखा पातळ. ती तो दोन बोटांत धरून उन्हाच्या दिशेने बघत होती म्हणे. म्हणे, कारण मी गोधडीत होतो. सगळेच गोधडीत होते. आम्ही चहाला उठलो तेव्हा तिच्या हातात नुसतं पाणी होतं आणि ती रडत होती. मामींना वाटलं, बर्फ वितळला म्हणून रडतेय. ती म्हणाली, "मी सगळ्यांना सांगितलं होतं. कुणीच उठलं नाही."

नंतर तिने पुण्यात शिक्षण केलं, मग परदेशात केलं, आणि लग्न, घर वगैरे टप्पे बाजूने निघून गेले तसे जाऊ दिले. ते सगळं सांगत बसत नाही. तिच्याकडून ऐकलेली तिथली एकच गोष्ट सांगतो.

एकदा तिथे बर्फाखालचं तळं सुटायच्या बेतात होतं. नदीवरच्या पुलाशी रस्ता बंद केलेला. माणसं कमी होती म्हणून मंजूलाही पिवळं जाकीट घालून अडथळ्यापाशी उभं केलं होतं. नदीला सडक्या अंड्यांसारखा वास यायला लागला होता. हा वास म्हणजे पाणी निघाल्याची खूण. आणि एक पर्यटक जोडपं अडथळा ओलांडून पलीकडे फोटो काढतंय. मंजूने इंग्रजीत ओरडून सांगितलं, तिथल्या भाषेत ओरडून सांगितलं. त्यातला बाप्या बायकोला म्हणाला, "तू हस गं. दोन मिनिटांनी काही होत नाही."

मराठीत.

मंजू सांगायची, "दादा, मी आधी मागे वळून बघितलं. पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, ज्वालामुखीच्या पायथ्याशी, आणि तेच वाक्य!"

"मग तू काय केलंस?"

"आईच्या आवाजात ओरडले. 'ए, इकडे ये आधी! चल, नीघ!' पळत आला."

"आणि?"

"आणि काय. विचारतो, तुम्ही नाशिकच्या का? कुणाकडच्या?"

आम्ही पोट धरून हसलो. ती हसली नाही. मी विचारलं, मग पूर आला का? ती म्हणाली, आला, पण पुलाला काही झालं नाही. परत जाताना त्या माणसाने गाडीची काच खाली करून तिला अंगठा दाखवला होता. बघा, काही झालं नाही.

आता मावशीबद्दल सांगायला हवं, कारण मंजूची सगळी विद्या जिथे येऊन थांबायची ती जागा म्हणजे मावशीचा तळमजला.

मावशीची सोसायटी गंगापूर रोडच्या नदीकडच्या अंगाला आहे. घर घेतलं तेव्हा 'खिडकीतून गोदावरी दिसते' याचं कोण कौतुक होतं. काका गेल्यावर मावशीने पुढच्या खोलीत शिवणयंत्रं टाकली आणि ब्लाउज शिवायला घेतले. तिचा हात असा, की एकदा तिच्याकडचा ब्लाउज घातलेली बाई दुसरीकडे जात नाही. गौरी-गणपतीच्या आधी तर खोलीत पाय ठेवायला जागा नसते. प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक गाठोडं. आत नवं कापड, अस्तर आणि त्या बाईचा एक जुना, नीट बसणारा ब्लाउज. मापाचा. मावशी टेपने मापं घेत नाही. "टेप फुगवून सांगते, ब्लाउज खोटं बोलत नाही," असं तिचं म्हणणं.

महापालिकेच्या नकाशावरची पुराची निळी रेषा या सोसायटीच्या पार्किंगमधून जाते. मंजूने तो नकाशा आईला दाखवला होता.

"मी रोज पार्किंग झाडते," मावशी म्हणाली. "मला नाही कधी दिसली."

"आई, वरचा फ्लॅट भाड्याने घेऊ. मी पैसे देते."

"आणि बायका येतील तिसऱ्या मजल्यावर? लिफ्ट आहे का? माझे गुडघे बघ. तुझ्या त्या बर्फात राहणाऱ्यांना ब्लाउज लागत नाहीत, तुला काय कळणार?"

यात मावशीचं चुकत होतं असंही मला म्हणता येत नाही. तळमजला गेला की धंदा गेला, आणि धंदा गेला की ती दिवसभर करणार काय? लेक तिकडे, आणि भाचा माझ्यासारखा. निदान पाणी वाढायला लागलं की वेळेवर वर जा, एवढंच मंजूचं मागणं होतं. दर पावसाळ्यात तिचा फोन यायचा, आणि दर पावसाळ्यात मावशीचं उत्तर ठरलेलं.

"मारुतीच्या छातीला पाणी लागलं की निघते."

नाशिकबाहेरच्यांसाठी सांगतो. रामकुंडापाशी नदीपात्रात दुतोंड्या मारुती उभा आहे. आम्ही नाशिककर पूर त्याच्या अंगावर मोजतो. घोटा, गुडघा, कंबर, छाती, गळा. क्युसेक वगैरे सरकारी कामाला. मारुतीच्या गळ्याशी आलं म्हटलं की सगळ्या गावाला बरोबर कळतं.

"अगं आई, मारुती तुझ्या खाली आहे!" मंजू फोनवर किंचाळायची. "धरण वर, मग तू, मग मारुती. पाणी आधी तुझ्याकडे येतं, मग त्याच्याकडे जातं. तू त्याला विचारून काय उपयोग? त्याने तुला विचारायला हवं!"

"म्हणजे इतकी वर्षं सगळं गाव बघतंय ते वेडं? मारुती खोटं सांगतो?"

"खरं सांगतो, पण तुला उशिरा कळतं!"

"देवाचं असंच असतं," मावशी म्हणायची आणि फोन ठेवायची.

दोन वर्षांपूर्वी मंजू पहिल्यांदाच पावसाळ्यात आली. मुद्दाम आली होती हे आम्हाला नंतर कळलं. गौरी-गणपती तोंडावर, खोलीत गाठोड्यांचा डोंगर. तीन दिवस त्र्यंबकला धो-धो पाऊस. धरणातून पाणी सोडायला सुरुवात झाली आणि महापालिकेची भोंग्याची गाडी रस्त्यावरून ओरडत गेली. मंजू सकाळपासून नदीवर जाऊन येत होती. दुपारी जेवायच्या वेळेला आत आली आणि पाटावर न बसता म्हणाली, "संध्याकाळपर्यंत पाणी खोलीत येऊ शकतं. आत्ता उचलायचं."

"येऊ शकतं, का येणार?" मावशीने विचारलं.

"येऊ शकतं."

"म्हणजे तुलाही माहीत नाही."

"आई, कुणालाच माहीत नसतं! तरीही उचलायचं असतं!"

कशीबशी मावशी वर गेली. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटची किल्ली तिच्याकडेच असते, मालक पुण्याला असतो. तिच्या गुडघ्यांना एक जिना चढायला एक युग लागतं, म्हणून तिला आधी पाठवलं. खाली मी, मंजू आणि वॉचमन. मी शिवणयंत्र उचललं. म्हणजे एका बाजूने वॉचमनने उचललं आणि दुसऱ्या बाजूने मी सूचना दिल्या. आवरण्याचं काम मंजूने घेतलं. ती विजेसारखी काम करत होती. प्लॅस्टिकचे डबे आणले, सगळी नवी कापडं सोडवून सिल्क वेगळं, सुती वेगळं, काठपदर वेगळं, अशी हवाबंद भरली. जुने ब्लाउज वेगळे काढून एका पोत्यात कोंबले. नवा माल आधी वाचवायचा, जुना नंतर. सगळं शास्त्रशुद्ध. मी कौतुकाने बघत होतो. मावशीकडे इतकी वर्षं जातो, पण मलाही काही खटकलं नाही.

पाणी आलं. पार्किंगच्या उतारापर्यंत आलं, दोन स्कूटरची चाकं ओली केली, पत्ता चुकलेल्या माणसासारखं थोडं रेंगाळलं, आणि परत गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीने वर डबे उघडले. मग पोतं उघडलं. मग ती खाली बसली.

"मंजे, यातला कुणाचा ब्लाउज कुठल्या कापडाचा?"

मंजूने पोत्यातून एक ब्लाउज वर काढला आणि परत ठेवला. मला वाटतं, तिने भल्याभल्या भूकंपाच्या रेघा वाचल्या असतील, पण त्या पोत्याकडे बघताना तिचा चेहरा पहिल्यांदाच काही न समजल्यासारखा झाला.

पुढचे दोन दिवस तिसऱ्या मजल्याच्या जिन्यावर जे झालं ते बघायला सोसायटीतली पोरं खाऊ घेऊन बसत होती. सामान अजून वरच होतं, म्हणून बायका धापा टाकत चढायच्या आणि पोत्यातले जुने ब्लाउज एकेक उचलून चारचौघींत ओळख पटवायच्या.

"हा तुमचा असेल, निकमबाई."

"हा? एवढी जाड आहे का मी?"

"मग हा?"

"अहो, हा माझाच होता, पण लग्नातला! आता कुठला बसतोय?"

"माझं चिंतामणी रंगाचं कापड होतं, त्यांनी नेलं बघा!"

"मी नाही हो नेलं, माझं मोरपंखीच होतं!"

काहींची अदलाबदल झालीच. घाईत शिवलेल्यांपैकी काही कुणाला होईनात. निकमबाई, म्हणजे मावशीचं सर्वांत जुनं गिऱ्हाईक, गौरीच्या दिवशी जुन्या ब्लाउजवर नवी पैठणी नेसली आणि हे तिने सगळ्या कॉलनीला सांगितलं. मावशीने इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणाचं तरी ऐकून घेतलं.

मंजू रोज उलट्या कामाला बसायची. चुकलेल्या ब्लाउजांची शिवण उसवायची. रिपर हातात, मान खाली. मावशी तिच्याशी बोलत नव्हती, फक्त उसवायचे ब्लाउज पुढे टाकत होती. मी वातावरण हलकं करायला म्हणालो, "मंजू, मावशी कुठल्या रंगाची आहे सध्या?" दोघींनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी गच्चीवरची टाकी बघायला निघून गेलो.

एकदाच मावशीने तोंड उघडलं. "तुझा अंदाज चुकला एवढं तरी म्हण."

"अंदाज नाही चुकला आई. पाणी आलं नाही, एवढंच."

"मग चुकणं म्हणजे आणखी काय असतं गं?"

मंजूकडे उत्तर होतं. तिच्या खात्यात त्याच्यावर पुस्तकं आहेत, मला माहीत आहे. पण समोर निकमबाईचा उसवलेला ब्लाउज होता, आणि अशा वेळी पुस्तकाचा काही उपयोग नसतो.

त्या संध्याकाळी ती मला म्हणाली, चल, नदीवर जाऊ. आम्ही काठाला उभे राहिलो. पाणी उतरलं होतं, झुडपांवर चिंध्या आणि प्लॅस्टिक लटकत होतं. ती नदीकडे ज्या नजरेने बघत होती तिला रागच म्हणायला हवं. एखाद्या नातेवाइकाने ऐनवेळी दगा द्यावा तसा राग.

"दादा, तिथे पण असंच होतं. उठवलं आणि पाणी आलं नाही तर शिव्या. नाही उठवलं आणि आलं तर चौकशी. मला सवय आहे." मग झुडपावरची एक चिंधी ओढून काढत म्हणाली, "पण त्या दिवशी वर उभी राहून मी पार्किंगकडे बघत होते ना, तेव्हा मला काय वाटत होतं माहितीये? ये. ये बाई, थोडं अजून ये. आईच्या खोलीत पाणी यावं असं मला वाटत होतं. शहाणी ठरायला मी काय पूर मागू?"

मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "भेळ खाणार?" माझं हे असं आहे.

ती निघाली तेव्हा मावशीने लाडू, चिवडा, मेतकूट, सगळं बांधून दिलं. पिशवीची गाठ मारता मारता म्हणाली, "पुढच्या वेळी मला मारुती सांगेल. तू सांगू नकोस."

मागच्या श्रावणात धरण पुन्हा भरलं. दुपारी पतसंस्थेत माझ्या टेबलावर नेहमीप्रमाणे काही घडत नव्हतं आणि मंजूचा फोन आला. "दादा, पाणी वाढवलंय. आई माझा फोन उचलत नाही."

मी गेलो. रस्त्यावर भोंग्याची गाडी ओरडत होती. सोसायटीच्या तळमजल्यावरचे बाकीचे लोक वर सामान नेत होते. मावशी खोलीत यंत्रावर बसून बाही जोडत होती.

"मावशी, चल वर."

"मारुतीच्या कमरेला आहे अजून. निकमबाईच्या भाच्याने आत्ताच फोटो पाठवलाय."

मी मंजूला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळ होती. रात्रपाळी संपली होती तरी ती ऑफिसातच होती. मागे पडदे आणि डोळ्यांखाली काळं. मला वाटलं, आता दोघींची जुंपणार. ती फक्त म्हणाली, "दादा, फोन आईसमोर उभा करून ठेव."

मी तो रिळांच्या डब्याला टेकवून ठेवला.

"आई, तू शिव," मंजू म्हणाली आणि बघत बसली.

यंत्र थोडा वेळ चाललं. मग थांबलं. "काय बघतेस?"

"काही नाही. शिव तू."

परत चाललं, परत थांबलं. मावशीने शेजारचं अस्तराचं कापड उचललं आणि फोनवर टाकलं. कापडाखालून आवाज आला, "आता मला कापड दिसतंय. चालेल."

"बघ रे, कशी छळते!" मावशीने माझ्याकडे तक्रार केली, आणि आपणच कापड ओढून काढलं. "तुला तिकडे काम नाही का?"

"आहे. आमच्याकडेही तळं सुटलंय. सगळ्यांना सांगून झालं. जे उठायचे ते उठले. एक म्हातारा उठत नाही, त्याच्या दारासमोर आमची माणसं गाडी लावून बसलीत. तुझ्यासमोर मी बसले."

"आणि मी नाहीच उठले तर?"

"तर मी बघेन."

"काय बघशील?"

"जे होईल ते. फोनची बॅटरी आहे तोवर."

तिचा आवाज चढलेला नव्हता. धमकी नव्हती, रडणं नव्हतं. हवामानाची बातमी सांगावी तसं सांगितलं. मावशीने फोनकडे पाहिलं. इतका वेळ ती लेकीशी भांडत होती, आता बहुधा लेक काय बघणार आहे ते तिला दिसलं. तिने बाहीतली सुई काढली, दोरा दाताने तोडला आणि उठली.

"गुडघे आखडलेत म्हणून उठतेय," ती मला म्हणाली. "कुणी सांगितलं म्हणून नाही."

मग तिने स्वतः गाठोडी बांधली. प्रत्येक कापड आपापल्या मापाच्या ब्लाउजासकट. "हे सोडायचं नाही, हे सुटं करायचं नाही, शहाण्यांसारखं करायचं नाही," असं प्रत्येक गाठोड्याला मोठ्याने सांगत. मी आणि वॉचमनने यंत्र वर नेलं. या वेळी मीही थोडं उचललं. मग मावशीला धरून एकेक पायरी.

पाणी त्या दिवशी उंबऱ्याशी आलं. दारातली चटई आणि खोलीतली हातभर फरशी भिजवून गेलं. यावरून आजही मावशीचं म्हणणं आहे, की एका चटईसाठी मला तीन मजले चढवलं. मंजूचं काय म्हणणं आहे ते मला माहीत नाही. मी तिला विचारलं नाही, आणि त्यानंतर ती इकडे आलेलीही नाही.

त्या दिवशी मावशीला वर बसवून मी राहिलेला फोन आणायला खाली आलो तेव्हा पाणी फाटकातून आत शिरत होतं. खोली रिकामी. फोन तसाच रिळांच्या डब्याला टेकलेला आणि त्यात मंजू, समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत.

"गेली वर," मी म्हणालो.

"दिसलं."

"आता तरी घरी जा. झोप."

"हो," ती म्हणाली. तेवढ्यात तिला मागून कुणीतरी त्यांच्या भाषेत हाक मारली. तिने बाहीने तोंड पुसलं आणि खुर्ची वळवली. फोन बंद करायचा राहिला. आता मला तिची पाठ दिसत होती, खांद्यावरून पुढे एक पडदा, आणि पडद्यावर एक निळी रेघ, तिकडच्या नदीच्या पातळीची असावी, हळूहळू वर चढत होती. मंजू पुढे वाकून तिच्याकडे बघत होती. मी पाय ओले व्हायच्या आत जिन्याकडे निघालो, फोन तसाच हातात धरून.